स्वतःपुरते छोटे कामांच्या यादीचे वेब ॲप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांची तोंडओळख आहे आणि ज्यांना आपल्या रोजच्या कामांसाठी, स्वतःपुरते एक साधे वेब ॲप लिहायचे आहे, त्यांच्यासाठी हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत. येथे पडद्यावरच्या रूपापेक्षा नोंदी साठवण्याच्या आणि सांभाळण्याच्या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे. पडदा एका संध्याकाळी तयार होतो. पण नोंदी एकदा हरवल्या, की त्या ॲपवरचा विश्वास उडतो आणि यादी पुन्हा वहीत किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या संदेशांत जाऊन बसते.

इतकी तयार ॲप उपलब्ध असताना स्वतः लिहायचे कशासाठी?

तयार ॲप लाखो लोकांच्या गरजा एकत्र धरून बनवलेले असते, त्यामुळे त्यात प्रकल्प, गट, लेबले, अग्रक्रमाचे रंग, सहकाऱ्यांना काम सोपवण्याची सोय असे बरेच काही येते. वीजबिल भरणे, आईच्या गोळ्या आणणे, सोसायटीचा मेंटेनन्स भरणे, गॅस सिलिंडर बुक करणे एवढीच ज्याची यादी आहे, त्याला यातले बहुतेक काही लागत नाही. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. कामांची यादी ही वाटते त्यापेक्षा बरीच खाजगी गोष्ट असते. कोणाचे देणे आहे, कोणती तपासणी करायची आहे, कोणत्या वकिलाला भेटायचे आहे, हे सारे तिच्यात येते आणि ते आपल्याच यंत्रावर राहावे, असे वाटणे रास्त आहे.

शिकण्याच्या दृष्टीनेही हा विषय चांगला आहे. टूडूएमव्हीसी नावाच्या प्रकल्पात हेच एक ॲप अनेक फ्रेमवर्कमध्ये (ॲप लिहिण्यासाठीच्या तयार सांगाड्यांत) लिहून दाखवलेले आहे, कारण नोंद भरणे, बदलणे, पुसणे, गाळून दाखवणे आणि साठवणे ही वेब ॲपची सगळी मूळ कामे एवढ्याशा जागेत येतात. मात्र घरातल्या चौघांना मिळून एकच यादी वापरायची असेल, तर तयार ॲपच घ्यावे. त्याची कारणे पुढे फोन आणि लॅपटॉपच्या प्रश्नात आली आहेत.

‘किमान’ म्हणजे नेमके काय असावे?

काम लिहिता यावे, झाले की त्यावर टिक करता यावी, मजकूर बदलता यावा, काम काढून टाकता यावे आणि पान पुन्हा उघडल्यावर सर्व जसेच्या तसे दिसावे. सरावासाठी लिहिलेल्या अनेक ॲपमध्ये मजकूर बदलण्याची सोय वगळलेली असते, आणि ते चुकीचे आहे. डॉक्टरांची ५ वाजताची वेळ ६ ची होते, यादीतल्या सामानात एक वस्तू वाढते; दर वेळी नोंद पुसून नवी लिहावी लागली, तर माणूस कंटाळतो.

लेबले, उपकामे, अग्रक्रम, आकडेवारी आणि आलेख पहिल्या आवृत्तीत घेऊ नयेत. काही आठवडे ॲप आहे तसे वापरावे आणि ज्या गोष्टीवाचून खरोखर अडले, तीच वाढवावी. देय तारीख मात्र बहुतेकांना लवकरच लागते, म्हणून नोंदीच्या रचनेत तिची जागा आधीपासून ठेवलेली बरी.

रिॲक्ट किंवा व्ह्यू यांसारखे फ्रेमवर्क लागते का?

लागत नाही, आणि या आकाराच्या कामासाठी ते न घेणे मी अधिक पसंत करतो. फ्रेमवर्कसोबत पॅकेजे येतात, बिल्ड करण्याची साधने येतात आणि वर्षा-दोन वर्षांनी एखादी छोटी दुरुस्ती करायला बसले, तर आधी ती साधने पुन्हा चालती करण्यातच वेळ जातो. एक एचटीएमएल फाइल, तिच्यासोबत एक सीएसएस आणि एक जावास्क्रिप्ट फाइल, एवढी मांडणी पाच वर्षांनीही ब्राउझरमध्ये तशीच उघडेल.

रचना सरळ ठेवावी. सर्व कामे एका ॲरेमध्ये असावीत. एक फंक्शन त्या ॲरेवरून संपूर्ण यादी पडद्यावर काढणारे असावे आणि दुसरे ती साठवणारे. वापरकर्त्याने काहीही केले, तरी क्रम एकच राहावा : आधी ॲरे बदलायचा, मग साठवायचा, मग यादी पुन्हा काढायची. पडद्यावरच्या घटकांना थेट हात लावून टिक किंवा मजकूर बदलण्याचा मोह टाळावा, कारण मग पडद्यावर एक आणि साठ्यात दुसरेच, अशी स्थिती कधी ना कधी येते. दोन-तीनशे कामांची यादी दर वेळी पूर्ण नव्याने काढली, तरी उशीर जाणवत नाही. एवढेच लक्षात ठेवावे, की यादी नव्याने काढली की कीबोर्डचा फोकस जातो. म्हणून ज्या कामावर टिक केली, त्याच कामाच्या चौकटीवर फोकस परत ठेवावा. माउस न वापरणाऱ्या माणसाला याची उणीव लगेच जाणवते.

एका कामाची नोंद कशी असावी?

ओळख क्रमांक, मजकूर, तयार केल्याची वेळ, शेवटच्या बदलाची वेळ, पूर्ण केल्याची वेळ आणि देय तारीख, एवढी क्षेत्रे पुरतात. काम झाले की नाही, हे खरे-खोटे असे न ठेवता पूर्ण केल्याची वेळ ठेवावी. ती रिकामी असेल, तर काम बाकी आहे. एकाच क्षेत्रात दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात आणि गेल्या आठवड्यात काय काय उरकले, हे पाहण्याची सोय विनासायास होते.

ॲरेमधील स्थान हाच ओळख क्रमांक मानू नये. तिसऱ्या स्थानावरचे काम काढले, की चौथे तिसऱ्या जागी येते आणि पडद्यावरचे बटण अजून जुनाच आकडा धरून असेल, तर भलतेच काम पुसले जाते. ब्राउझरच्या क्रिप्टो ऑब्जेक्टमधील रँडम-यूयूआयडी हे फंक्शन एकमेव ठरेल असा ओळख क्रमांक देते, मात्र ते एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच यंत्रावरून उघडलेल्या पानावरच, उपलब्ध असते. घरच्या वायफायवर लॅपटॉपचा आयपी पत्ता टाकून फोनवर ॲप तपासताना ‘काम जोडा’ हे बटण अचानक काहीच करेनासे झाले, तर पहिला संशय येथेच घ्यावा.

सगळ्या नोंदी एका वेष्टनात ठेवून त्यावर रचनेचा आवृत्ती क्रमांक लिहावा. आज तो १ असेल. पुढे क्षेत्रे बदलली, तर जुना साठा ओळखून त्याला नव्या रचनेत आणणे त्या एका आकड्यामुळे सोपे होते.

नोंदी कोठे साठवाव्यात?

स्वतःपुरत्या ॲपसाठी ब्राउझरचे लोकलस्टोरेज, म्हणजे त्याने प्रत्येक साइटसाठी यंत्रावर राखून ठेवलेली छोटी जागा, पुरेसे आहे. त्याची मर्यादा साधारणपणे प्रत्येक ओरिजिनला (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणाऱ्या साइटच्या पत्त्याला) ५ एमबी असते आणि एक काम शंभर-दीडशे अक्षरांचे धरले, तरी हजारो कामे त्यात मावतात. इंडेक्स्डडीबी, म्हणजे ब्राउझरमधलाच डेटाबेस, अधिक सक्षम आहे, पण तिचा उपयोग फोटो किंवा मोठ्या फाइली जोडायच्या असतील तर. केवळ मजकुरासाठी तिचा व्याप वाढवू नये.

लोकलस्टोरेज फक्त मजकूर साठवते. म्हणून ॲरे जेसन या मजकुराच्या स्वरूपात बदलून ठेवावा लागतो आणि वाचताना उलट रूपांतर करावे लागते. या वाचण्याच्या टप्प्यावर दोन ठिकाणी जपावे. ॲप पहिल्यांदाच उघडले जाते, तेव्हा त्या नावाखाली काहीच नसते आणि वाचल्यावर ‘नल’ मिळतो. त्याच्यावर थेट फिरायला सुरुवात केली, तर पहिल्याच भेटीत कोरे पान दिसते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. साठलेला मजकूर काही कारणाने बिघडलेला असेल, तर रूपांतर करताना त्रुटी येते, आणि अनेक जण ती त्रुटी पकडून सरळ रिकामी यादी सुरू करतात. मग वापरकर्त्याने एक काम लिहिले, की ती एका कामाची यादी जुन्या साठ्यावर लिहिली जाते आणि दुरुस्त होऊ शकला असता असा सगळा मजकूर कायमचा जातो. त्रुटी आली, तर बिघडलेला मजकूर आहे तसा दुसऱ्या नावाखाली बाजूला ठेवावा, वापरकर्त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे आणि मगच नवी यादी सुरू करावी. साठवतानाही जागा संपल्याची त्रुटी येऊ शकते. ती गिळून टाकू नये.

लोकलस्टोरेजमधील नोंदी आपोआप जाऊ शकतात का?

होय, आणि ही गोष्ट ॲप वापरू लागण्याआधीच माहीत असावी. ब्राउझरमधून ‘साइट डेटा’ पुसला, तर त्याबरोबर यादीही जाते. फोनमधली जागा मोकळी करून देणारी ॲपही कधी हेच करतात. खाजगी विंडोमध्ये लिहिलेली यादी ती विंडो बंद होताच संपते. ॲपलच्या सफारीने २०२० पासून असा नियम लागू केला आहे, की सफारी वापरल्याच्या ७ दिवसांत एखाद्या साइटवर वापरकर्त्याने काहीच केले नाही, तर त्या साइटच्या स्क्रिप्टने साठवलेला डेटा काढून टाकला जातो. माग काढणाऱ्या जाहिरातदारांना रोखण्यासाठी केलेला हा नियम आहे, पण आठवडाभर न उघडलेली तुमची यादीही त्याच्या कक्षेत येते.

आयफोनवर ॲप होम स्क्रीनवर जोडले, तर त्याला हा नियम त्याप्रमाणे लागत नाही. मात्र होम स्क्रीनवरच्या ॲपचा साठा सफारीतील साठ्यापासून वेगळा असतो, त्यामुळे आधी सफारीत लिहिलेली यादी तेथे दिसत नाही. जोडण्यापूर्वी बॅकअप घ्यावा आणि नव्या ठिकाणी तो भरावा. याखेरीज, साठा टिकवून ठेवण्याची विनंती ब्राउझरला करण्यासाठी नेव्हिगेटरच्या स्टोरेजमध्ये ‘पर्सिस्ट’ हे फंक्शन आहे. ती विनंती मान्य झाली, तर जागा कमी पडल्यावर ब्राउझर तुमचा साठा परस्पर काढत नाही. तुम्ही स्वतः पुसलात, तर अर्थात तो जातोच.

मग बॅकअपची व्यवस्था कशी करावी?

पहिल्या आवृत्तीपासूनच ‘यादी उतरवून घ्या’ आणि ‘यादी भरा’ अशी दोन बटणे द्यावीत. उतरवून घेण्यासाठी सर्व्हर लागत नाही : जेसन मजकुराचा ब्लॉब (ब्राउझरच्या स्मृतीतली फाइलसारखी वस्तू) तयार करून, त्याचा तात्पुरता पत्ता डाउनलोडची सूचना असलेल्या दुव्याला दिला, की ब्राउझर फाइल उतरवतो. फाइलच्या नावात तारीख असावी, म्हणजे नवी फाइल कोणती, याचा गोंधळ होत नाही.

यादी भरताना जास्त काळजी लागते. फाइल खरोखर आपल्याच ॲपची आहे का, आवृत्ती क्रमांक ओळखीचा आहे का, प्रत्येक नोंदीला मजकूर आहे का, हे आधी तपासावे आणि सर्व ठीक असेल, तरच साठ्याला हात लावावा. सध्याची यादी बदलायची की तिच्यात भर घालायची, हेही विचारावे. शेवटचा बॅकअप कधी घेतला, ती तारीख पानाच्या तळाशी लहान अक्षरांत दाखवली, तर आठवण राहते.

जेसनबरोबर साध्या मजकुराची फाइलही उतरवता आली, तर उत्तम. जिना त्रपानी यांनी मांडलेल्या टूडू-टीएक्सटी या पद्धतीत एका ओळीवर एक काम असते आणि झालेल्या कामाच्या ओळीची सुरुवात एक्स या अक्षराने होते. उद्या तुमचे ॲप राहिले नाही, तरी ती फाइल कोणत्याही संपादकात वाचता येईल.

मध्यरात्रीनंतर लिहिलेल्या कामावर आदल्या दिवसाची तारीख का पडते?

भारतात लिहिल्या जाणाऱ्या छोट्या ॲपमध्ये ही चूक वारंवार आढळते. आजची तारीख काढण्यासाठी बरेच जण डेट ऑब्जेक्टवर ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ चालवून त्यातली पहिली १० अक्षरे घेतात. ते फंक्शन तारीख यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देते आणि भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. १५ ऑगस्टच्या रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी तुम्ही काम लिहिले, तर यूटीसीमध्ये तेव्हा १४ ऑगस्टचे संध्याकाळचे ७ वाजून १० मिनिटे झालेले असतात, आणि नोंदीवर १४ पडते. ही चूक रात्री १२ ते पहाटे ५:३० एवढ्याच वेळेत दिसते. दिवसा तपासणाऱ्याला सगळे बरोबरच वाटते.

याचीच दुसरी बाजू न्यूजर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला दिसते. तारखेच्या चौकटीतून आलेला ‘२०२५-०८-१५’ असा मजकूर डेटच्या हाती दिला, तर जावास्क्रिप्ट तो यूटीसीमधील मध्यरात्र समजते. भारतात ती १५ तारखेची पहाट होते, म्हणून काही खटकत नाही. न्यूजर्सीत मात्र उन्हाळ्यात १४ तारखेचे रात्रीचे ८ वाजलेले असतात आणि पडद्यावर १४ ऑगस्ट दिसते.

उपाय असा, की देय तारीख हा काळातला क्षण नसून कॅलेंडरवरचा दिवस आहे, हे धरून चालावे. ती वर्ष-महिना-दिवस अशा मजकुराच्या रूपातच साठवावी आणि तुलनाही मजकुराचीच करावी. या क्रमाने लिहिलेल्या तारखा अक्षरक्रमाने लावल्या, की काळाच्या क्रमानेच लागतात. आजची तारीख काढताना डेटकडून स्थानिक वर्ष, महिना आणि दिवस वेगवेगळे मागून जोडावेत. महिना ० पासून मोजला जातो, म्हणून त्यात १ मिळवावा, आणि एक अंकी महिन्यापुढे व दिवसापुढे शून्य लावावे, नाहीतर वरची तुलना चुकते. तारीख दाखवताना मराठी-भारत हे लोकेल (भाषा आणि प्रदेशाची खूण) दिले, तर महिन्यांची नावे मराठीत आणि अंक देवनागरीत आपोआप मिळतात. मात्र साठवायच्या तारखेत देवनागरी अंक जाऊ देऊ नयेत. जावास्क्रिप्टचे नंबर फंक्शन ‘१५’ला संख्या मानत नाही, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुरात नमुना शोधण्याच्या सूत्रातील) अंकाची खूणही त्याला अंक म्हणून ओळखत नाही. ‘३ दिवसांनी’ असे लिहून तारीख ठरवण्याची सोय द्यायची असेल, तर आधी देवनागरी अंक बदलून घ्यावेत.

मराठीत टाइप करताना एंटर दाबल्यावर अर्धवट शब्दच यादीत का जातो?

फोनेटिक पद्धतीच्या काही कीबोर्डांवर आपण रोमन अक्षरे दाबतो, खाली पर्यायी मराठी शब्द दिसतात आणि एंटर दाबून त्यांतला एक निवडतो. या वेळी शब्द अजून जुळणीच्या अवस्थेत असतो. ॲपने ‘एंटर दाबली की काम जोडा’ असे सरळ कीच्या घटनेवर (इव्हेंटवर) लिहिले असेल, तर शब्द निवडण्यासाठी दाबलेली एंटरही त्याला काम जोडण्याची आज्ञा वाटते. इनस्क्रिप्टने, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कळा दाबून, टाइप करणाऱ्याला हा अनुभव येत नाही, त्यामुळे ज्याने ॲप लिहिले त्याच्या ध्यानात ही गोष्ट येईलच असे नाही.

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे मजकुराची चौकट आणि बटण एका फॉर्ममध्ये ठेवून त्या फॉर्मच्या सबमिट घटनेवर काम जोडणे. जुळणी चालू असताना ब्राउझर फॉर्म सबमिट करत नाही आणि फोनच्या कीबोर्डवरचे ‘जा’ हे बटणही आपोआप चालते. कीची घटनाच वापरणे भाग असेल, तर घटनेवरचे ‘इज-कंपोझिंग’ पाहावे. सफारीमध्ये तेवढ्याने भागत नाही, तेथे कीचा क्रमांक २२९ आहे का, हेही तपासावे लागते. जोडण्यापूर्वी मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि काहीच उरले नाही, तर नोंद करू नये.

शोधताना समोर दिसणारा शब्द का सापडत नाही?

कारण डोळ्यांना सारखा दिसणारा मराठी शब्द आतून वेगळ्या अक्षरखुणांनी लिहिलेला असू शकतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. एका कीबोर्डवर त्यातला अर्धा र हा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने तयार होतो; दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक अशा तीन खुणांनी. ‘ॲप’ या शब्दाचेही तसेच : पहिले अक्षर एकाच खुणेचे असू शकते किंवा ‘अ’वर चंद्र चढवून केलेले असू शकते. फोनवर लिहिलेले काम लॅपटॉपवर शोधले, की हा फरक आडवा येतो.

युनिकोडचे सामान्यीकरण करणारे ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन यातले थोडेच सोडवते. र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे लिहिलेले अक्षर ते ‘ऱ’मध्ये बदलते, पण जोडकाचे रूप आणि चंद्र चढवलेला ‘अ’ ते तसेच सोडते, कारण युनिकोडच्या दृष्टीने ही रूपे समतुल्य नाहीत. म्हणून शोधासाठी एक लहान फंक्शन स्वतः लिहावे : आधी सामान्यीकरण, मग जोडकासह लिहिलेल्या रूपाच्या जागी ‘ऱ्’, मग ‘अ’ आणि चंद्राच्या जागी ‘ॲ’. शोधशब्द आणि कामाचा मजकूर, दोन्ही त्यातून काढूनच तुलना करावी; साठ्यातील मूळ मजकूर मात्र बदलू नये.

मराठी मजकूर नीट दिसावा, यासाठी काय करावे?

पानाच्या मूळ घटकावर भाषा मराठी असल्याची नोंद करावी. स्क्रीन रीडर उच्चारासाठी तिचा आधार घेतो आणि काही फाँटमध्ये ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे भाषेवरूनच निवडली जातात. भाषा हिंदी राहिली, तर हिंदी वळणे दिसतात. वर मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरे असल्यामुळे देवनागरीला ओळींमध्ये रोमनपेक्षा जास्त अंतर लागते. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक ठेवावे. झालेल्या कामावर आडवी रेघ मारण्याची पद्धत रूढ आहे, पण शिरोरेषेच्या जोडीला दुसरी रेघ आली की शब्द वाचायला जड जातो, म्हणून मी रंग थोडा फिका करून टिक दाखवणे पसंत करतो. रंग फार फिकाही नसावा. झालेले काम पुन्हा वाचावे लागते.

लांब मजकूर अक्षरे मोजून कोडमध्ये कापू नये. ‘क्ष’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर असले, तरी जावास्क्रिप्टच्या मोजणीत ते तीन भरते आणि काप मध्येच बसला, तर ‘क्’ उरतो. कापण्याचे काम सीएसएसकडे द्यावे, किंवा त्याहून बरे म्हणजे मजकूर पुढच्या ओळीवर जाऊ द्यावा. मजकुराच्या चौकटीतील अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर आयफोनवर चौकटीला स्पर्श करताच सारे पान मोठे होते; तो आकार आधीच पाळावा.

ॲप मी एकटाच वापरणार आहे, मग सुरक्षिततेचा प्रश्न येतो कोठे?

येतो, कारण यादीत तुम्ही बाहेरून उचललेला मजकूरही चिकटवता. कामाचा मजकूर ‘इनर-एचटीएमएल’ने पडद्यावर टाकला, तर त्यात टॅग असल्यास ब्राउझर तो टॅग म्हणूनच वाचतो. एखाद्या पानावरून चिकटवलेल्या ओळीत चित्राचा टॅग आणि त्यावर त्रुटीची घटना असेल, तर त्यातली स्क्रिप्ट तुमच्या पानात चालते आणि तुमची संपूर्ण यादी वाचू शकते. घटक जावास्क्रिप्टने तयार करून मजकूर ‘टेक्स्ट-कंटेंट’मध्ये ठेवावा. मग काहीही चिकटवले, तरी ते अक्षरेच राहते.

काम पुसण्याआधी ‘खात्री आहे का?’ असे विचारावे का?

विचारू नये. दर वेळी विचारले, की हात सवयीने ‘होय’ दाबतो आणि जेथे थांबायला हवे, तेथेही थांबत नाही. काम लगेच काढावे आणि काही सेकंद ‘परत आणा’ असे बटण दाखवावे.

दोन टॅबमध्ये ॲप उघडे राहिले, तर काय होते?

प्रत्येक टॅबने ॲरेची आपापली प्रत धरलेली असते. पहिल्या टॅबमध्ये ‘गॅस बुक करणे’ जोडले आणि नंतर सकाळपासून उघड्या असलेल्या दुसऱ्या टॅबमध्ये एखाद्या कामावर टिक केली, तर दुसरा टॅब आपली जुनी प्रत साठवतो आणि गॅसचे काम नाहीसे होते. लोकलस्टोरेज बदलले, की त्याच ओरिजिनच्या इतर टॅबना ‘स्टोरेज’ नावाची घटना मिळते. ज्या टॅबने बदल केला, त्याला ती मिळत नाही. ती ऐकून साठा पुन्हा वाचावा आणि यादी नव्याने काढावी.

ॲप कोठे ठेवावे? पैसे लागतात का?

गिटहब पेजेस या गिटहबच्या वेब पाने ठेवण्याच्या सेवेवर सार्वजनिक रिपॉझिटरीसाठी (कोडच्या साठ्यासाठी) ही सोय मोफत आहे आणि एचटीटीपीएसही मिळते. कोड सार्वजनिक झाला, तरी यादी सार्वजनिक होत नाही; ती तुमच्या ब्राउझरमध्येच असते. एक बाब मात्र ध्यानात घ्यावी : एका खात्याचे सर्व प्रकल्प एकाच डोमेनवर, निरनिराळ्या मार्गांवर असतात आणि लोकलस्टोरेज मार्ग पाहत नाही. खर्चाचे ॲप आणि कामांचे ॲप दोन्ही ‘डेटा’ याच नावाखाली साठवू लागले, तर एक दुसऱ्याचा साठा खोडेल. साठ्याच्या नावाला ॲपचे नाव जोडावे. पुढे स्वतःचे डोमेन घेतले, तर ओरिजिन बदलते आणि जुनी यादी तिकडे दिसत नाही, म्हणून स्थलांतराआधी बॅकअप उतरवून घ्यावा. फाइलवर दोनदा क्लिक करून ॲप वापरण्याची पद्धत टाळावी. तशा पानांच्या साठ्याबाबत ब्राउझरांची वागणूक एकसारखी नाही.

इंटरनेट नसताना ॲप उघडेल का?

सर्व्हिस वर्कर, म्हणजे पानाच्या मागे राहून फाइली पुरवणारी स्क्रिप्ट, लिहून तीन-चार फाइली कॅशमध्ये ठेवल्या, तर उघडेल. लोकल प्रवासात किंवा घाटात रेंज जाते, तेव्हा याचे मोल कळते. पण कॅशमधूनच फाइली देणारा वर्कर जुनी आवृत्ती धरून बसतो आणि नवा वर्कर सामान्यतः जुने सर्व टॅब बंद होईपर्यंत वाट पाहतो. दर बदलाबरोबर कॅशच्या नावातील क्रमांक वाढवावा आणि जुनी कॅश पुसावी. ॲप रोज बदलत असेल, तोवर सर्व्हिस वर्कर लिहूच नये.

ठरलेल्या वेळी आठवण करून देता येईल का?

पान उघडे असेल तर येईल. बंद असताना नाही. बंद असलेल्या वेब ॲपला जागे करण्यासाठी पुश संदेश पाठवणारा सर्व्हर लागतो, आणि तो आला की किमान ॲपची मर्यादा ओलांडली जाते. आईच्या गोळ्यांची वेळ चुकून चालणार नसेल, तर ती फोनच्या अलार्मवरच ठेवावी. यादीने आजची आणि तारीख उलटलेली कामे उघडताक्षणी सर्वांत वर दाखवावीत, एवढे तिच्याकडून पुरे आहे.

फोन आणि लॅपटॉपवर एकच यादी ठेवता येईल का?

येईल, पण हे काम बाकी सर्व ॲपपेक्षा मोठे आहे. त्यासाठी सर्व्हर, लॉगिन आणि दोन प्रती जुळवण्याचे नियम लागतात, आणि खरी अडचण या नियमांतच आहे. फोनवर तुम्ही एक काम पुसले. लॅपटॉप तेव्हा बंद होता आणि त्याच्याकडे ते काम अजून आहे. दोन्ही प्रती नुसत्या एकत्र केल्या, तर लॅपटॉपवरचे काम नवे समजले जाते आणि पुसलेले काम परत येते. म्हणून पुसलेली नोंद लगेच नाहीशी न करता तिच्यावर पुसल्याची वेळ लिहून ती काही काळ ठेवावी लागते. एकाच कामाचा मजकूर दोन्हीकडे बदलला असेल, तर शेवटच्या बदलाची वेळ पाहून नंतरचा बदल घेणे ही साधी रीत आहे, आणि तिच्यात आधीचा बदल हरवतो, हे पत्करावे लागते. शेवटच्या बदलाची वेळ नोंदीत पहिल्यापासून ठेवावी असे वर म्हटले, ते याचसाठी.

माझा सल्ला असा, की आधी एकच यंत्र यादीचे घर ठरवावे, शक्यतो फोन, कारण तो नेहमी जवळ असतो. लॅपटॉपवर यादी पाहण्याची गरज अधूनमधूनच पडत असेल, तर बॅकअपची फाइल तिकडे नेऊन भरावी. ही ये-जा रोजची झाली, तर सर्व्हरचा विचार करावा.

कामांचा क्रम ओढून बदलता यावा का?

‘वर’ आणि ‘खाली’ अशी दोन बटणे आधी द्यावीत. ती कीबोर्डने चालतात, स्पर्शाने चालतात आणि लिहायला सोपी आहेत. ओढण्याची सोय स्पर्शाच्या पडद्यावर सरकवण्याशी भांडते.

ॲपला पासवर्ड लावता येईल का?

पान उघडताना पासवर्ड विचारणारी चौकट दाखवता येते, पण तिने संरक्षण मिळत नाही. यादी लोकलस्टोरेजमध्ये साध्या मजकुरात असते आणि ज्याच्या हातात तुमचा उघडा ब्राउझर आहे, तो डेव्हलपर टूल्समधून ती वाचू शकतो. ब्राउझरमधील वेब क्रिप्टो वापरून मजकूर सांकेतिक करून ठेवणे शक्य आहे. मात्र पासवर्ड विसरला, तर यादी परत मिळवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही, आणि किराणा-बिलांच्या यादीसाठी हा धोका पत्करणे मला योग्य वाटत नाही. फोनला आणि लॅपटॉपला स्वतःचे कुलूप असावे, आणि सायबर कॅफे किंवा ऑफिसच्या सामायिक संगणकावर ही यादी उघडूच नये.